पेठेतला गुप्त माणूस

आमच्या नारायण पेठेत गुप्त माणूस एकच होता, आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. ते पोलिसांच्या गुप्त खात्यात होते, साध्या कपड्यांत फिरायचे. आम्ही त्यांना 'सीआयडी साहेब' म्हणून हाक मारायचो, तीही भर रस्त्यात. ते ओ द्यायचे.

सभेला पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. सरकारला शिव्या घालणारे पुढारीच ती राखून ठेवायचे. साहेब भाषण भराभरा टिपून घेत. एकदा वक्ता फारच तापला, तसे साहेब म्हणाले, "अहो, जरा सावकाश. एक शिवी निसटली." वक्त्यानं ती पुन्हा दिली, सुटी सुटी करून.

दाढीला माझ्याच दुकानात यायचे. मी एकदा विचारलं, "परदेशातही असंच खातं असतं का हो?" म्हणाले, "रशियात म्हणे एका माणसामागे एक, त्याच्यामागे दुसरा. इथं मी एकटा, आणि माझ्यामागे अख्खी पेठ."

हिंजवडीत कंपन्या आल्या आणि साहेब पासपोर्टांच्या चौकशीत बुडाले. त्यात माझी पोर सुनंदाही आली. कंपनी तिला जर्मनीला धाडत होती. साहेबांचा शेरा वाईट गेला तर जाणं बुडणार. मी निर्धास्त होतो. माझी शाळा कमी असेल, इज्जत चोख आहे. पण साहेब चौकशीला गेले ते समोरच्या वाण्याकडे! त्याच्या पाटीनं माझी पाटी झाकली तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

"अहो, तो पोरीचं वाटोळं करील!" मी वस्तरा खाली ठेवला.

"मित्रानं केलेली स्तुती कोण धरतं? भांडलेला माणूस चांगलं बोलला, की ते पक्कं."

"आणि वाईट बोलला तर?"

"तर तसं लिहीन. दाढी पुरी करा."

पुढच्या दाढीला त्यांनी वाण्याचा जबाब ऐकवला. "बाप हेकट, तिरसट. पण आईवेगळी पोर एकट्यानं वाढवलीय, आणि पोर हिऱ्यासारखी आहे. दोन्ही लिहा."

पाटीचं माझंच खरं होतं, आजही आहे. तरी त्या दिवशी मी रस्ता ओलांडून वाण्याकडे चहाला गेलो.

साहेब निवृत्त होऊन कात्रजला राहायला गेले, आणि मागल्या वर्षी देवाघरी. जर्मनीहून सुनंदाचा फोन आधी वाण्याला येतो. मी गोळ्या घेतल्या का, जिलबी किती खाल्ली, सगळं तो सांगतो. मग ती मला झापते. साहेब गेले खरे, पण माझ्यावर माणूस नेमून गेले.