मुंग्या, भाताचं पान आणि ओला फडका

मंडळी, महिनाभर अडलेला माझा एमटेकचा प्रोजेक्ट आज शिवऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात सुटला.

भाताच्या पानाच्या फोटोत रोगाच्या डागांच्या कडा शोधायच्या, एवढंच माझं काम. त्यासाठी मी फोटोवर कॉम्प्युटरच्या खोट्या मुंग्या सोडते. रंग एकदम बदलला की त्या तिथं वास सोडतात, बाकीच्या वासामागं जातात आणि कड उमटते. माझ्या मुंग्या मात्र फोटोत आलेल्या माझ्याच अंगठ्याच्या सावलीवर गर्दी करून बसायच्या. डागांकडं एकही फिरकत नव्हती. आणि परवा सरांना दाखवायचंय.

आज सकाळी गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या. मी डबा उचलून पाण्याच्या ताटात ठेवला. तासाभरानं बघते, तर रिकाम्या फळीवर रांग तशीच चालू!

सासूबाई ओला फडका घेऊन आल्या. "नुस्ता डबा हलवून काय उपेग? वाट पुसल्याबिगर न्हाई हलायच्या त्या."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडून लॅपटॉपकडं पळाले. माझ्या प्रोग्राममध्ये वास कधी विरतच नव्हता. विरण्याचा आकडा मीच शून्य ठेवला होता, म्हणून सावलीवर आधी पडलेला वासच सगळ्यांना तिकडं ओढत राहायचा. तो वाढवला, तशी सावलीवरची गर्दी पांगली आणि डागांच्या कडा दिसायला लागल्या.

सासूबाईंना कौतुकानं दाखवलं.

"एवढं कळायला म्हैना लागला व्हय? भाकर जळली बग तिकडं."

खरंच जळली होती.

तुमच्या घरात आहे का हो अशी एखादी सवयीची वाट? डबा कधीचाच हललाय, पण फडका अजून कुणी मारलेला नाही?