सगळ्या वाटा वन्संच्या अंगणातून

आमच्या ह्यांना सरळ रेघ मारता येत नाही. बायको म्हणून तोंडसुख घेतेय असं समजू नका, अख्खं गाव सांगेल. धंद्याने पेंटर. भिंती रंगवतात, होड्या रंगवतात, दुकानांच्या पाट्या रंगवतात, आणि त्या पाट्यांवरची अक्षरं उतार लागल्यासारखी घसरत जातात. न्हाव्याच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर तर चौकट सोडून भिंतीवर गेलंय. तरीही शहरातली माणसं आमच्याकडे कड्यांवरून, समुद्राच्या कडेकडेने चालायला यायला लागली, आणि पायवाटांवर पिवळे बाण काढायचं असं पर्यटन ऑफिसने ठरवलं, तेव्हा काम मिळालं कोणाला? ह्यांनाच. गावात दुसरा पेंटरच नाही, करता काय!

पहिल्याच आठवड्यात ह्यांनी दिवे लावले. दीपगृहाची वाट धक्क्याजवळ वाळूतून सुरू होते. तिथे बाण काढायला दगड सापडेना. समोर एक होडी पालथी घातलेली दिसली, मारला बाण तिच्यावर. सकाळी होडीवाला होडी घेऊन समुद्रात गेला आणि येताना तिला थेट आपल्या सासुरवाडीच्या दाराशी ओढून ठेवली. मग काय, पाठीवर पिशव्या आणि हातात काठ्या घेतलेली माणसं त्याच्या सासूच्या परसात! ती बिचारी कपडे वाळत घालत होती. एकाने तिला विचारलं म्हणे, "दीपगृह ते हेच का?" बाई उंच आहे हे खरं, पण म्हणून काही विचारायचं!

होडीचं सोडा. खरी भानगड पुढे आहे.

आमच्या गावात चालायच्या वाटा तीन. एक दीपगृहाची, एक झऱ्याची, एक कड्याच्या टोकाची. तिघींची तोंडं तीन दिशांना. पण ह्यांच्या बाणांमागून चालायला लागलात की तिन्ही वाटा आधी चढ चढून वन्संच्या अंगणात शिरतात आणि मग जिथे जायचं तिथे जातात. वाळूत उभं राहिलं की दीपगृह समोर दिसतं, हात लांब केला तर लागेल असं. आणि टेकडीच्या पायथ्याच्या दगडावरचा बाण सांगतो, पाठ फिरवा आणि टेकडी चढा. माणसं बाणाकडे बघतात, दीपगृहाकडे बघतात, आपसात भांडतात आणि शेवटी बाणाचं ऐकतात. शिकलेली माणसं ना, जे रंगवलेलं असेल त्यावर विश्वास.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं. लग्न केलं नाही. टेकडीवरच्या घरात एकट्या राहतात, आमच्याकडे या म्हटलं तर ऐकत नाहीत. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून तर अंगणाबाहेर पाऊल नाही. गुडघे थांबले, पण तोंड? ते देवाने बिनब्रेकचं दिलंय! विळी कुठे ठेवली हे सांगायला लागल्या की ज्याने ती विळी केली त्या लोहाराच्या मेहुण्याचं लग्न का मोडलं इथपर्यंत जातात, आणि विळी सापडत नाही ती नाहीच. हे पूर्वी रोज संध्याकाळी जायचे त्यांच्याकडे. येताना डोकं धरून यायचे, मी बाम चोळायची. बाणांचं काम मिळालं आणि ह्यांचं जाणं हळूहळू बंद झालं.

एकदा जेवताना मी सरळच विचारलं, "अहो, लोकांना ताईंच्या दारात का नेऊन सोडता?"

"मग कोण जाणार तिच्याकडे?" हे ताटात बघत म्हणाले. "बोलायला माणूस लागतं तिला. मला ऐकवत नाही. आणि ती एकटी बसलीय हेही बघवत नाही."

घ्या! बहीण वाटून दिली गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांना!

पण खोटं कशाला बोलू, वन्संचं चांगलं चाललं होतं. सकाळी केस विंचरून, पाण्याचा माठ भरून खुर्चीत बसायच्या. माणसं धापा टाकत आली की, "आलात? बसा. एवढे वाळलात का? ही कोण, बायको? मग तिची पिशवी तुम्ही का नाही घेतली?" एक जोडपं भांडत आलं होतं, ते जाताना दोघं मिळून वन्संना हसत होतं. एक दाढीवाला तर तीनदा आला. दीपगृह त्याने अजून बघितलेलं नाही.

आणि मग ऑफिसातून फोन आला. कोणीतरी तक्रार केली होती. तिथल्या मोठ्या मॅडम स्वतः येणार, दीपगृहाची वाट चालून बघणार. कोणाला काही विचारणार नाहीत, फक्त खुणा बघून चालणार. पेंटरने मागून यायचं, तोंड उघडायचं नाही. वाट चुकीची निघाली तर तिन्ही वाटा दुसऱ्याकडून सरळ रंगवून घेणार.

हे धास्तावले. काम जाईल म्हणून नाही, रंगवायला भिंती पुष्कळ आहेत. "ताईकडे कोणी येणार नाही गं मग," एवढंच घोकत बसले.

"हातपाय काय गाळताय?" मी म्हटलं. "त्या दिवसापुरते बाण सरळ करा. जुने पुसा, नवे काढा. मॅडम गेल्या की परत तुमचा वाकडा कारभार सुरू!"

अक्कल माझी, हात ह्यांचे. तिथेच घोळ झाला.

मॅडम येणार त्या दिवशी मी सकाळीच वन्संकडे जाऊन बसले. आज कोणी यायचं नव्हतं, म्हटलं त्यांना सोबत होईल. माठ भरलेला. ग्लास धुऊन पालथे घातलेले. वन्सं माझ्याशी बोलत होत्या, म्हणजे त्याच बोलत होत्या, पण डोळे सगळे वाटेकडे. मध्येच थांबल्या. वन्सं आणि थांबल्या!

"आज कोणी नाही गं?"

"ऊन आहे ना."

"काल काय चांदणं होतं?"

वन्सं परत वाटेकडे बघत बसल्या. ग्लास उगीचच सुलटे केले, पुन्हा पालथे घातले. मला ह्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. माझं घर खाली ते किती लांब? पण मीसुद्धा किती दिवसांनी चढले होते!

एवढ्यात खालून धापा ऐकू आल्या. टोपी घातलेल्या एक बाई चढ चढून अंगणात आल्या, आणि त्यांच्यामागून पकडलेल्या चोरासारखं तोंड करून आमचे हे.

मी डोळे वटारले. ह्यांनी केविलवाणेपणाने मागे बोट दाखवलं. मी पुढे होऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. जुने बाण पुसायला ह्यांनी घरात उरलेला होडीचा राखाडी रंग नेला होता. आमच्याकडचे दगड सगळे तांबडे. त्यांच्यावर परातीएवढे राखाडी ठिपके, वाळूपासून थेट वन्संच्या दारापर्यंत, आंधळ्यालाही दिसावेत असे!

"अहो, पण नवा बाण? सरळ जाणारा?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"काढला होता की. वाळूत दगड नव्हता..."

"होडीवर?"

हे खाली बघायला लागले. होडीवाला पहाटेच गेला होता.

मॅडमनी टोपी काढली. चेहरा लालबुंद. "पेंटर, दीपगृह त्या बाजूला आहे."

"ते असू दे," वन्सं म्हणाल्या, "आधी पाणी घे. अगं, केवढी घामाघूम झालीस! टेक तिथे. घरी कोण कोण आहे?"

मॅडम टेकल्या. पाणी प्यायल्या. घरी कोण कोण आहे ते सांगितलं. मग कोण का नाही तेही सांगितलं. नंतर लोहाराचा मेहुणा आला, चहा आला, सावल्या लांब झाल्या. मॅडम उठल्या तेव्हा पुन्हा ऑफिसचा चेहरा केला.

"वाट चुकीची आहे. मुद्दाम वाकडी केलीय. का?"

आता तोंड उघडायची परवानगी होती, तर हे माझ्याकडेच बघायला लागले. शेवटी बोलले ते एकदम भडाभडा. "ताई एकटी असते. मला तिच्याजवळ तासभर बसवत नाही, डोकं उठतं माझं. म्हणून माणसं पाठवतो."

मला वाटलं, झालं, आता वन्सं रडणार. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"कळत होतं रे मला. दीपगृहाला जायला कोणी टेकडी चढतं का? चांगली होती हो माणसं. सगळ्यांनी ऐकून घेतलं माझं." मग ह्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "पण रोज पावलं वाजली की मला आधी वाटायचं, तूच आलास."

हे लहान पोरासारखे नाक ओढत उभे राहिले. मॅडमना बुटाची नाडी बांधायचं नेमकं तेव्हाच सुचलं.

जाताना त्यांनी निकाल दिला. तिन्ही वाटा सरळ करायच्या, बाण दगडावर काढायचे, होडीवर नाही. आणि ते राखाडी ठिपके? ते पुसायला रंग मंजूर होणार नाही, म्हणाल्या. राहू देत.

ठिपके आहेत तसेच आहेत. ज्याला चढायचंय तो चढतो. दाढीवाला अजून येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे घरात घुटमळत होते. चप्पल शोधली, पुन्हा बसले, अंग जड वाटतंय म्हणाले. मी रंगाचा डबा उघडला, ब्रश घेतला आणि आमच्या उंबऱ्यावर टेकडीच्या दिशेने पिवळा बाण काढला. ह्यांनी मान तिरकी करून बघितला.

"सरळ आलाय गं."

"बघत काय बसलाय? निघा. बाम काढून ठेवते."