गोकर्णीच्या बिया

मोठी बहीण तापानं गेली आणि वर्षाच्या आत मला तिच्याच नवऱ्याला दिलं. मंगरूळजवळ त्यांचा मळा होता. वांगी, मेथी बाजाराला जायची. विहिरीच्या कुंपणावर तिनं महादेवासाठी लावलेला पांढऱ्या गोकर्णीचा वेल होता. सासू रोज त्याची फुलं तोडताना तिचं नाव घेई. मी ऐकत राही.

दीर नागपूरला शेतकी शिकत होता. दिवाळीला आला तेव्हा त्यानं पांढऱ्या कळ्या सुईनं उघडून आतले केसर काढले, शेजारच्या निळ्या गोकर्णीचे पराग लावले आणि वर चिंध्या बांधल्या. शेंगा वाळल्यावर बिया मी डब्यात ठेवल्या. उन्हाळ्यात पांढरा वेल मी मुळासकट उपटला. सासूला वाळला म्हणून सांगितलं.

पावसाळ्यात त्या बियांचे सगळे वेल निळे फुलले. एकही पांढरं फूल नव्हतं. त्या वर्षी मला नीट झोप लागली.

पुढच्या चैत्रात मुलगी झाली. माझे आणि नवऱ्याचे डोळे काळे, तिचे घारे. बहिणीचे होते तसे. नवरा तिला उचलायचा, डोळ्यांकडे बघायचा आणि माझ्याकडे परत द्यायचा.

त्याच पावसाळ्यात निळ्या वेलांच्या बिया पेरल्या. दसऱ्याच्या आधी फुलं आली आणि निळ्यांत चार वेल पांढरे निघाले. माझ्या हातातली घागर पडली. सासू धावत आली.

"आली वं! पुन्हा आली थे!"

दिवाळीत दीर आला, तेव्हा मी त्याला कुंपणाशी नेलं.

"भाऊजी, पांढऱ्याचं एक बीही नव्हतं घरात. मग हे कुठून आलं?"

"वहिनी, थे कुठं गेलंच नव्हतं, निळ्यातच दडून होतं. पांढऱ्याले रंग बनवता येत नाही. निळ्याचा एक अंश असला तरी फूल निळं दिसते. दोन्हीकून पांढराच अंश आला, का मंग पांढरं."

"माणसातही असंच?"

त्यानं माझ्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. "थोडंफार. आमच्या आजीचे डोळे घारेच होते. तुमच्या घरातबी आहेत."

मला सगळं कळलं. तरी संध्याकाळी विहिरीवर एकटीनं जायची माझी छाती होईना. वेल उपटायला हातही धजला नाही.

सासूनं हळूहळू पोरीला बहिणीच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. मी अडवलं नाही. नवऱ्यानंही नाही. बारशाचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. आज तिला लेकरं आहेत. अंगणातून कुणी बहिणीचं नाव घेतलं की ती "ओ" देते, आणि मी दुसरीकडे बघते.