मी लिहिलेला शेवट
इंदिरानगरच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चारला वाचकगट भरतो. एक नवी कादंबरी, दहा-बारा डोकी, चहा आणि खारी. नियम एकच, तोही मीच भांडून करून घेतलेला: लेखक हजर असेल तर सगळ्यांचं बोलून होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही. लेखक मंडळी आपल्या पुस्तकाची वकिली करत सुटतात, याचा मला भयंकर राग. मग गेल्या वर्षी माझीच पहिली कादंबरी आली, आणि गटानं ती चर्चेला घेतली.

आता खरं सांगते, ती गोष्ट माझी नव्हती. गटात एक काका यायचे. एकलहऱ्याला वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झालेले, एकटे, कमी बोलणारे. एकदा गट सुटल्यावर आम्ही बरोबर चालत निघालो आणि त्यांनी आपणहून मुलीचं सांगितलं. तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न ठरवलं. काका चिडले. म्हणाले, गेलीस तर परत येऊ नकोस.

"माझी पोर लहानपणापासून शब्दाबाहेर नव्हती, मॅडम," ते म्हणाले. "हेही ऐकलं तिनं."

त्याला सात वर्षं झाली होती. मला रडू आलं, हे खरं. आणि घरी गेल्यावर चप्पलही न काढता मी ते वाक्य वहीत उतरवलं, हेही खरं.

कादंबरीत मी काकांच्या जागी आई आणली, मुलीच्या जागी मुलगा आणि सगळं बिऱ्हाड नांदगावला नेऊन ठेवलं. कुणाला ओळखू येणार नाही याची मला खात्री होती. शेवट मात्र माझा स्वतःचा: मुलगा एका दुपारी न कळवता परत येतो. आई बाजारात गेलेली, दाराला कुलूप. तो माघारी वळतो, आणि कोपऱ्यावर भाजीची पिशवी घेतलेली आई समोरून येते. लिहिताना मीच हुंदके दिले होते.

त्या रविवारी प्राध्यापक असलेल्या एका गृहस्थांनी सुरुवात केली. "शेवट खोटा आहे. अशी गेलेली माणसं येत नाहीत. लेखिकेला वाचकाची दया आली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक बाई म्हणाल्या, "आईचीच चूक होती, मग तिला एवढं फुकटात का सुटू द्यायचं?" काका माझ्या समोरच्या खुर्चीत. पुस्तक मांडीवर, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मला ओरडून सगळ्यांना थांबवावंसं वाटत होतं. पण नियम माझाच. मी खारीचा चुरा करत बसले.

काकांची पाळी शेवटी आली. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मला फक्त एक विचारायचंय," ते म्हणाले. "तो परत येतो, हे मॅडमना कुणी सांगितलं का?"

सगळे हसले. काका थट्टा करतायत असंच वाटलं सगळ्यांना. काका हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, आणि मला कळलं की त्यांनी आपली गोष्ट ओळखली आहे. मला वाटलं, त्यांना राग आला असेल, निदान अपमान तरी वाटला असेल. त्यांना राग आलाच नव्हता. त्यांना आशा वाटत होती. पुस्तकं लिहिणाऱ्या बाई, चार ठिकाणी ओळखी, कदाचित पोरीचा काही निरोप आला असेल.

आता मला बोलायची परवानगी होती. "नाही, काका," मी म्हणाले. "मी मनानं रचलं ते."

"बरं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. माझं चोरटं मन मला स्वस्थ बसू देईना. शेवटी एका दुपारी मी त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरचा फ्लॅट, दार सताड उघडं, आणि काका दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझी समजूत घातली. "तुमच्यावर राग नाही हो. चांगलं लिहिलंय. पण दुपारी घर सोडवत नाही आता. ती यायची एखादे दिवशी, आणि नेमकं दाराला कुलूप असायचं. हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं बघा. भाजीसुद्धा सकाळीच आणतो."

"काका, ते खोटं आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी खुर्चीत बसून बनवलं ते सगळं. असं काही होणार नाहीये."

हे शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच घाबरायला झालं. म्हणजे मी काय सांगत होते त्यांना? ती येणार नाही?

ते गुडघ्यांवर हात टेकवून उठले.

"बसा ना. चहा टाकतो," ते म्हणाले. "तेवढं दाराकडे लक्ष ठेवा."

ते आत गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि दाराकडे बघत राहिले.