टर्टल रीफचा मुका भोंगा

जहाज बांधतात ते कुठेतरी जाण्यासाठी. आमच्या मिशिगन सरोवरात सरकारनं एक जहाज बांधलं ते कुठेही न जाण्यासाठी. टर्टल रीफ हा पाण्याखाली दबा धरून बसलेला खडक. त्याच्या तोंडाशी नांगर टाकायचा, डोलकाठ्यांवर दिवे चढवायचे आणि एप्रिलपासून पाणी गोठेपर्यंत नुसतं उभं राहायचं, एवढंच त्या दीपनौकेचं काम. आणि अशा ठाण मांडून बसणारीला सरकारनं चक्क वाफेचं इंजिन दिलं! बीव्हर बेटावरचे लोक त्यावर वर्षभर हसले. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्याला घोडा घेऊन दिला म्हणे.

ते इंजिन सांभाळायला आमच्या बेटावरचा मॅनस बॉनर लागला. बॉनरांच्या घरात सगळे मासेमार, पण मॅनसला जाळ्यापेक्षा कोळसा बरा वाटे. कोळशानं हात काळे होतात, पण बायका जवळ बसू तरी देतात, असं तो म्हणे. बायको मात्र त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही, ते सोडा.

इंजिन तसं नावालाच होतं. हवा शांत असेल तर जहाजाला बंदरातून रीफपर्यंत कसंबसं ढकलत नेई. मग सगळा हंगाम वाफ भोंग्यासाठी. धुकं किंवा बर्फ पडू लागलं की दिवा कुणाला दिसणार? मॅनस भट्टी तापती ठेवी, थोड्या थोड्या वेळानं दोरी ओढी, आणि येणाऱ्या बोटी त्या आवाजाच्या अंदाजानं खडकाला वळसा घालत.

त्या बोटींपैकी एक ‘एमा डून’. लाकूड वाहायची. तिच्या सुकाणूवर मॅनसचा धाकटा भाऊ ह्यूई. रीफजवळून जाताना ह्यूई दोन आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजवी, आणि मॅनस तसंच उत्तर देई. हे नियमात बसत नव्हतं. पण दीपनौकेचा कॅप्टन ऑस्बी, नॉर्वेच्या खाऱ्या पाण्यातून आलेला माणूस, अशा वेळी सोयीनं बहिरा होई.

"काय म्हणतो रे तुझा भाऊ?"

"बटाटे शिजले का, विचारतोय."

"आणि एवढी वाफ खर्चून तू काय सांगितलंस?"

"जळले म्हटलं. डफी रांधतोय ना, कॅप्टन."

"तुझ्या कोळशापेक्षा मऊ असतात माझे बटाटे!" आतून आचारी डफी ओरडे.

ह्यूईची बायको उना बेटावर सगळ्यांना सांगत फिरे, "घरी माझ्याशी दोन शब्द बोलत नाही मेला, आणि तळ्यात जाऊन भावाशी भोंग्यानं गप्पा मारतो!" पण भोंगा ऐकू आला की चुलीवर भांडं तीच चढवायची. नवरा संध्याकाळपर्यंत घरी येणार, हे तिला त्यावरूनच कळे.

एरवी ढिला असलेला ऑस्बी एका बाबतीत कडक होता. "जागेवर आहोत तोवर आपण दिवा," तो म्हणे. "जागेवरून सुटलो की आपण भामटे. आणि भामट्यानं तोंड उघडायचं नाही."

नोव्हेंबरात एका दुपारी वायव्येकडून वारा उठला आणि त्याच्यापाठोपाठ बर्फ. समोरची डोलकाठी दिसेना. मॅनस भोंगा वाजवत असतानाच पुढून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. नांगराची साखळी तुटली होती. ऑस्बीनं इंजिन पूर्ण जोरात चालवायला सांगितलं. मॅनसनं खांदे निखळेपर्यंत कोळसा टाकला, पण वारा त्या इंजिनाकडे बघून हसला असेल. जहाज मागे मागे वाहत गेलं. शेवटी दुसरा नांगर कुठेतरी रुतला. कुठे, ते देवाला ठाऊक.

"दिवे उतरवा!" ऑस्बी गरजला. मग खाली वाकून म्हणाला, "मॅनस, भोंगा बंद. दोरीला हात लावायचा नाही." आणि माणसं घेऊन तो पुढे नांगरापाशी गेला.

मॅनसनं हात पुसले. आणि तेवढ्यात बर्फातून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

मॅनस उभाच राहिला. पुन्हा तोच आवाज, आता अधिक जवळून. ह्यूई विचारत होता, कुठे आहेस?

डफी जिन्यावरून धडपडत उतरला. "ऐकू येतंय का? ह्यूई आहे!"

"येतंय."

"मग वाजव की! वाफ आहे, दोरी आहे, कशाची वाट बघतोस?"

"कुठून वाजवू, डफी? मी कुठे आहे? तो मला रीफ समजेल आणि वळेल, सरळ खडकावर."

"आणि नाही वाजवलंस तर?"

डफीनं दोरीकडे हात नेला. मॅनसनं त्याला असा ढकलला की तो कोळशात जाऊन पडला. मग स्वतःचे हात काखेत दाबून तो दोरीकडे पाठ करून उभा राहिला. तिसरी हाक आली. चौथी लांबून आली. मग फक्त वारा.

‘एमा डून’ रीफच्या मागच्या अंगाला फुटली. कुणीही वाचलं नाही. ह्यूई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर लागला. निदान घरी तरी आला, असं बायका म्हणाल्या.

चौकशीत मॅनसची तारीफ झाली. तारिफेनं कुणाची चूल पेटत नाही.

दफनाच्या सकाळी उनाच्या दाराशी डफीनं त्याला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा डफी हळू आवाजात बोलत होता. "वाऱ्यात काहीच ऐकू आलं नाही, असं सांग. मी तेच सांगितलंय."

आत शवपेटी, भोवती खुर्च्या, ताटलीत तंबाखू. उनानं मॅनसला चहा दिला आणि समोरच उभी राहिली.

"तुला ऐकू आला का रे तो?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. ह्यूई मागे पेटीत नसता, तर कदाचित जमलंही असतं.

"आला," मॅनस म्हणाला.

"त्यानं तुला हाक मारली."

"हो. उना, मी वाजवलं असतं तर तो माझ्यामुळे मेला असता."

"मग आता कुणामुळे मेला?"

तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. भरलेला होता, तिच्या मनगटावर सांडला, पण तिला भाजल्याचं कळलं नाही. "पेटीला तू खांदा द्यायचा नाहीस," ती म्हणाली.

आमच्याकडे सख्ख्या भावाचा पहिला खांदा असतो. ती जागा रिकामी राहिलेली पाहून कॅप्टन ऑस्बी पुढे झाला, आणि त्याला उनानं अडवलं नाही. हुकूम देणाऱ्याचा खांदा तिला चालला. पाळणाऱ्याचा नाही. मॅनस सगळ्यांच्या मागून टोपी हातात घेऊन चालला. चिखल फार होता.

एप्रिलमध्ये नवी साखळी आली, जुनीपेक्षा जाड. मॅनस पुन्हा भट्टीपाशी. लोक विचारत, कसं जातोस रे तिथे? तो म्हणे, दुसरं येतंय काय मला? पुढे सरकारनं रीफवर गॅसचा तरंगता दिवा बांधला, दीपनौका मोडीत काढली आणि इंजिन कुणा लाकूडगिरणीला विकलं. मॅनस बेटावर परतला.

त्याच्या घरापासून बंदराकडे जाणारा रस्ता उनाच्या खिडकीवरून जातो. मॅनस कुरणातून, दलदलीला वळसा घालून, दुप्पट लांबून जाई. थंडीतसुद्धा. म्हातारपणी काठी टेकतसुद्धा. दोघंही आता नाहीत. त्याच्या पायांनी पडलेली ती वाट अजून आहे, आणि नव्या पोरांना वाटतं, ती गाईंनी पाडली.