द्वारपाळांचं बटण

वहिनींनी एकदा चिडून ‘द्वारपाळ’ म्हटलं आणि ते नाव दिरांना कायमचं चिकटलं. द्वारपाळांचं काम घरांचे नकाशे काढण्याचं, पण तोरा सगळा टेबलाखालच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचा. इंटरनेटची वायर बाहेरून आधी त्यात शिरायची, तिथे तिची झडती व्हायची, आणि मग दुसऱ्या वायरीने घरभर नेट जायचं. नकाशेही त्याच कॉम्प्युटरवर.

“पहाऱ्याला वेगळी छोटी पेटी घे ना,” थोरला भाऊ म्हणून थकला होता. “काम वेगळं, पहारा वेगळा.”

“बाजारची पेटी काय पहारा देणार, दादा? मी असताना व्हायरसची सावलीसुद्धा आत यायची नाही.” हे वाक्य त्यांनी जिन्यात, गच्चीवर आणि दाढी करता करता न्हाव्यालाही ऐकवलं होतं.

त्या सकाळी पुतणीची नोकरीची मुलाखत होती. आतल्या खोलीत ती लॅपटॉप उघडून बसली. वहिनींनी मिक्सर बंद करवला, टीव्ही बंद करवला. द्वारपाळ दारात येऊन म्हणाले, “बिनधास्त बोल. पहाऱ्यावर काका आहे.”

आणि मग टेबलाशी जाऊन नकाशा काढायला लागले. अर्धा जिना काढून झाला आणि पडदा गोठला. माऊस हलेना. बोट सवयीने बटणावर गेलं आणि पडदा काळा होईपर्यंत तिथेच राहिलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, जिनाही परत आला. पण मागच्या आठवड्यात द्वारपाळांनी पहाऱ्याचे नवे नियम हाताने टाइप केले होते. काम चाललं, म्हणून ते कायमचे जपून ठेवायला सांगायचंच राहिलं. बंद होताच कॉम्प्युटर सगळं विसरला. आता तो कुणालाच सोडेना, ना आत ना बाहेर.

आतलं दार उघडलं. “काका, नेट गेलं. मी उत्तर देत होते.”

“कंपनीची लाईन गेली असणार,” द्वारपाळ म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून निसटलं.

मोबाईलचं नेट आतल्या खोलीत कधीच धड चालत नसे. पुतणी जिन्यात जाऊन मुलाखतवाल्यांना फोन लावू लागली. इकडे वहिनींनी नेटच्या कंपनीला फोन करून तिथल्या मुलीला धारेवर धरलं. “माझ्या लेकीच्या नोकरीची वाट लावलीत तुम्ही.” द्वारपाळ मान खाली घालून कीबोर्डवर नियम पुन्हा बडवत होते. एकेक शब्द कानात शिरत होता, मान आणखी खाली जात होती.

भाऊ बाल्कनीत गेला. “काय हो, तुमचंही नेट गेलंय का?”

शेजारी अशा संधीची वाटच बघत असतो. “छे, आमची मॅच झकास चाललीय. तुमचे द्वारपाळ रजेवर का?”

खोलीत सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं. द्वारपाळांचे कान तापले.

“मीच बंद केला. अडकला होता.”

“मग कंपनी?” वहिनींच्या कानाला फोन तसाच होता.

“कंपनीचं काही नाही, वहिनी.”

वहिनींनी फोन त्यांच्या हातात दिला. “घ्या. तुम्हीच सांगा तिला.”

द्वारपाळांनी माफी मागितली. ती मुलगी म्हणाली, “असू दे काका, काही मदत हवी का?” ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मुलाखतवाले भले निघाले, त्यांनी दुपारची वेळ दिली. तोवर नियम परत आले, जपूनही ठेवले. दुपारी पुतणी बोलायला बसली आणि पडदा पुन्हा गोठला, नेमका त्याच जिन्यावर. नेट मात्र चालू होतं, बटण दाबलं की तेही जाणार. नकाशा संध्याकाळी द्यायचा होता. द्वारपाळांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि गोठलेल्या पडद्याकडे बघत बसून राहिले. आतून पुतणीचा हसण्याचा आवाज आला, तरी हात काढले नाहीत.

शेवटी ती बाहेर आली. “छान झाली. काका, सोडा आता हात.”

हातांवर खुर्चीच्या वेताचे वळ उठले होते. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “दादा, ती पेटी कुठे मिळते म्हणालास?”

हल्ली न्हावी मुद्दाम विचारतो, “काय साहेब, व्हायरस काय म्हणतोय?”

“कल्ले सारखे कर,” द्वारपाळ म्हणतात आणि डोळे मिटून घेतात.