सगळ्यांना गणपतीचेच डोळे

आमच्या साडूंइतका डोळस आंधळा अख्ख्या रायगड जिल्ह्यात झाला नसेल. पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करावी ती त्यांनीच. मूर्ती आता बोलेल असं वाटायचं. पण हाच माणूस समोरच्याचं चित्र काढायला बसला की त्यालाही गणपतीचेच डोळे! नव्वदनंतर कधीतरी रोह्यात एका ड्रॉइंग मास्तरांनी मोठ्यांसाठी रविवारचा वर्ग काढला. साडूंनी नाव घातलं आणि दर रविवारी आमच्या रोह्याच्या घरी जेवायला उगवू लागले. मास्तर सांगत, कागदाकडे बघू नका, वस्तूकडे बघत रेघ ओढा. साडू ताटाकडे टक लावून बसत आणि आमटी निवून जाई. एकदा मास्तरांनी नुसत्या रेघांतून राग काढून आणायला सांगितला. साडूंना राग येईना, म्हणून त्यांनी आमच्या शेजाऱ्याशी भांडण उकरून काढलं. तो बिचारा खरंच भडकला, तर हे "हां, असेच थांबा!" म्हणत कागद घेऊन बसले. कागदावर शेजारी प्रसन्नवदन, फक्त सोंडेची उणीव. आमच्या हिला कमळासारखे डोळे मिळाले, तेव्हापासून साडूंच्या भातावर तूप जास्त. शेवटी मी वैतागून विचारलं, "अहो, हा खटाटोप कशाला?"

"आयचा चित्र पायजे," ते म्हणाले. "फोटोला ती बसत नाय. उद्या गेली त तिचा तोंड कुठं बगू?"

फोटो काढला की आयुष्य घटतं, असा म्हातारीचा समज. चित्राला हरकत नव्हती, पण दर वेळी कागदावर गौर उतरायची. म्हातारी खूश, साडू कष्टी. अखेर एकदाचं जमलं. खोल गेलेले बारीक डोळे, एकात मोतीबिंदू, बसलेली गालफडं. विधवा झाल्यापासून म्हातारीने आरसा हातात धरला नव्हता. तिने कागद बराच वेळ निरखला आणि रडायलाच लागली.

"ही त माजी आय! तुला रं कशी गावली?"

ते तिचंच तोंड आहे, हे मग तिला कोण सांगणार? तिने चित्र भिंतीला लावून घेतलं आणि येईल त्याला आपली आई म्हणून दाखवलं. साडू म्हणाले, दुसरं काढू. पण कारखान्यात हंगाम सुरू झाला, आणि त्या हंगामातच म्हातारी गेली. भिंतीवरच्या चित्राला आईचं म्हणून हार घालायला साडूंचं मन धजेना. ते तिने तिच्या आईला देऊन टाकलं होतं.

"आता हात बसलाय," मी म्हटलं. "आठवून काढा की एक."



"मास्तरांनी बगून काडायला शिकवलान, साडूभाऊ," ते म्हणाले. "आता कुनाकडं बगू?"